उसाआडचा मीटर

"चोराच्या घरचं पाणी चालंल का तुमाला?"

चतुराबाईंनी तांब्या पुढे केला नव्हता. तो कमरेशी धरून त्या दारात उभ्या होत्या. मुबशिराने हेल्मेट काढून स्कूटीच्या आरशाला अडकवलं.

"चालेल," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला चोर म्हणायला आलेली नाही, मावशी. मी सिग्नल तपासायला आलेय."

"चोर म्हणून झालं की! काल दुपारी लाइट गेली अन् मागनं मोबाइलवर आलं. मीटरमधी छेडछाड आढळल्यानं पुरवठा खंडित. आढळल्यानं! कुणाला आढळली? कोण आलतं हितं बघाय? कोण आलं असतं तर कुत्रं तरी भुकलं असतं."

कोणीच आलं नव्हतं, हे मुबशिराला माहीत होतं. अंथुर्ण्याच्या या वस्तीवरचा मीटर रोज आपलं रीडिंग बिनतारी पाठवायचा, रस्त्याकडेच्या खांबावरचं पांढरं खोकं ते पकडायचं आणि पुढे पुण्याला द्यायचं. बरेच आठवडे रीडिंग आलं नाही, म्हणून संगणकाने मीटरला संशयितांत टाकलं. तरीही तो गप्प राहिला, तेव्हा वीज तोडायचा हुकूमही संगणकानेच काढला. खांबावरच्या खोक्याचा आवाज मोठा असतो, मीटरचा बारीक. मीटरचं म्हणणं बाहेर पोचत नव्हतं. बाहेरचा हुकूम मात्र काल आत पोचला होता. बारामतीहून येताना तिच्या डोक्यात हेच घोळत होतं.

ती मीटर बसवणाऱ्या ठेकेदार कंपनीत होती. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून लागलेली. गप्प झालेले मीटर का गप्प झाले ते शोधायचं, हे तिचं काम. वीज तोडायच्या आधी तिला पाठवायला हवं होतं. पाठवलं नंतर.

"आदी आत या," चतुराबाई म्हणाल्या. "काय तोडलंय ते बघा, मग सिग्नल बघा."

आतल्या खोलीत पत्र्याचं कपाट वाटावं असं अंडी उबवायचं मशीन होतं. मधोमध काचेची खिडकी, आत मंद उजेड, आणि जाळीच्या ताटांत ओळीने अंडी. प्रत्येक अंड्यावर खूण होती. काहींवर कोळशाची रेघ, काहींवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, काहींवर बॉलपेनने काढलेलं फूल. वस्तीवरच्या आणि गावातल्या बायका आपापल्या कोंबड्यांची अंडी खुणा करून इथे आणून ठेवायच्या. पिल्लं निघाली की तीन पिल्लांमागे एक चतुराबाईंचं.

"ही कोळशाची कौसल्याची. फुलाची तिच्या जावंची, तिला नखरे लागत्यात. उद्या-परवा फुटायची हायेत सगळी. काही तर आतनं टोचा माराय लागलीत." चतुराबाईंनी काचेवर बोट टेकवलं. "काल दुपारपासनं इन्व्हर्टरवर हायेत. बॅटरी किती दम काढंल, ते तिलाच इचारा."

कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरवर शेवटचा हिरवा दिवा उरला होता.

"शेजारून वायर ओढता आली नाही का?"

"दादासोचं घर हाय पलीकडं. तो म्हणाला बी, वायनी, घ्या वायर. मी न्हाय म्हणलं. तोडलेल्या घराला लाइट दिली म्हणून उद्या त्याला बी चोर ठरवचाल तुमी." त्या एकदम वळल्या. "माझ्या सासऱ्यानं ह्या वस्तीवर पयला मीटर घेतला. गावात तारंवर आकडे टाकून बल्ब जळत हुते तवा. तरी वायरमन तपासाय आला की गाव सोडून पयला आमच्याच वस्तीत शिरायचा. सासरा बोलायचा न्हाय. बिल आणून त्याच्या तोंडाफुडं धरायचा नुसता. आन् आज मी, त्यांची सून, छेडछाडवाली!"

रागावलेल्या माणसाची समजूत घालणाऱ्यांचा मुबशिराला लहानपणापासून कंटाळा होता. तिने पिशवीतून हातात धरायचं तपासणीचं यंत्र काढलं. "मीटर दाखवा," ती म्हणाली.

मीटर बाहेरच्या भिंतीवर होता, पण दिसत नव्हता. तिथे हिरव्या रंगाने रंगवलेली, बिजागरीचं दार असलेली पत्र्याची पेटी होती. तेलाचा मोठा डबा कापून केलेली. कामात इतकी सफाई होती की पत्र्याची कडसुद्धा आत दुमडून ठोकली होती, हात कापू नये म्हणून.

पत्र्यातून रेडिओ लहर जात नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ऑफिसचा नियम होता, कशालाही हात लावायच्या आधी जे दिसतंय त्याचा फोटो. तिने सवयीने फोटो काढला. फोन खिशात ठेवेपर्यंत तो आपोआप पुण्याला चढलासुद्धा.

"हे कुणी केलं?"

"मी," मागून आवाज आला. चतुराबाईंचे यजमान, अप्पा, गोठ्यातून हात पुसत येत होते. उंच, वाकलेले, चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू. "उसावर पंपानं फवारा मारताना औषध उडायचं मीटरवर. म्हणलं, सरकारी वस्तू हाय, खराब व्हाय नको. रंग बी दिला. आतनं बी दिलाय, बघा उघडून."

"अवं, पण मीटर वाऱ्यावर बोलतोय म्हणून सांगितलं हुतं की बसवणाऱ्यांनी! तुमी त्याच्या तोंडावर पत्रा ठोकला?"

"मला काय म्हाईत तो कुठनं बोलतोय!"

"सगळं तुमच्यामुळं! सगळं! घरातच चोर निगाला म्हणायचा!"

मुबशिराने आधी यंत्र पेटीशी धरून पाहिलं, मग चार स्क्रू काढले, पेटी उतरवून भिंतीला टेकवली आणि यंत्र मीटरजवळ धरलं. पडद्यावर सिग्नलच्या पाच रेघा यायला हव्या होत्या. एक आली, थरथरली, गेली. पेटी असताना एकही नव्हती. पेटी काढल्यावर अर्धी म्हणता येईल इतकीच. तिने यंत्र फिरवून पाहिलं, उंच धरून पाहिलं, दादासोच्या घराच्या दिशेने धरून पाहिलं. फरक नाही.

म्हणजे पत्रा गुन्हेगार नव्हता. निदान मुख्य गुन्हेगार नव्हता. आणि तिने त्याचा फोटो पाठवून दिला होता.

तेवढ्यात फोन वाजला. बारामती ऑफिसचे मॅनेजर, समर्थ.

"मॅडम, फोटो बघितला. एक नंबर! पत्र्याचं झाकण! एवढा स्वच्छ पुरावा पहिल्यांदा बघतोय. मी इंदापुरातच आहे, येतो तिकडे. सही घेऊन टाकू."

"सर, झाकण काढलं. सिग्नल तरीही नाही. कारण दुसरं आहे. तो फोटो काढून टाकायला हवा."

"चढलेला फोटो काढता येत नाही, तुम्हाला माहितीये. नियमच आहे. आणि चांगला नियम आहे." फोन बंद झाला.

तिने फोन खिशात टाकला. राग आला की तिचा आवाज खाली जायचा. आता तेच झालं होतं. "मी रस्त्यापर्यंत जाऊन येते," ती म्हणाली.

घर आणि रस्ता यांच्यामध्ये ऊस होता. तिन्ही बाजूंनी होता, पण रस्त्याच्या बाजूचा सगळ्यात दाट. गाडीवाट शेताला वळसा घालून जात होती. ती वाटेने रस्त्यावर गेली आणि खांबाखाली उभी राहिली. पाच रेघा. मग खांबाकडे पाठ करून, घराची दिशा धरून, ती सरळ उसात शिरली.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, तोडीचा हंगाम सुरू होत होता. ऊस तिच्या उंचीच्या दुप्पट होता. आत हवा दमट होती, पायाखाली पाचट करकरत होतं, आणि पानांच्या कडा हातावर बारीक रेघा ओढत होत्या. थोडं आत गेल्यावर यंत्रावर चार रेघा राहिल्या. अजून पुढे तीन. घराचा पत्रा उसातून दिसायला लागला तेव्हा एक, तीही धड नाही. ती परत मागे गेली, दुसऱ्या सरीतून पुन्हा आली. तेच.

ती सरीत तशीच थांबली. उसाचं एक कांडं तिने हाताने दाबून पाहिलं. गार, घट्ट, रसाने भरलेलं. ऊस म्हणजे उभं केलेलं पाणीच. ही लहर पाण्यात विरते. एका उसाने काही होत नाही, पण इथे घरापासून रस्त्यापर्यंत उभ्या पाण्याची भिंत होती. कालची दुपार कोरड्या वाऱ्याची होती, पानं सुकून वळली असतील, ऊस हलला असेल, आणि तेवढ्या वाटेने खांबाचा मोठा आवाज पेटीच्या दाराच्या फटीतून आत गेला असेल. वीज तोडण्यापुरता.

अंगणात येऊन तिने अप्पांना विचारलं, "मीटर बसवला तेव्हा इथं काय होतं?"

"गेल्या सालच्या उन्हाळ्यात बसवला. तवा तोड हून रान मोकळं हुतं. मग आषाढात आडसाली लावली मी, दीड सालाचा ऊस." अप्पांचा चेहरा खुलला. "अशी आडसाली ह्या शिवारात दुसरी न्हाय. कारखान्याचा माणूस येऊन फोटो काढून गेलाय."

"आणि मीटर बोलायचा बंद झाला यंदाच्या पावसाळ्यात. ऊस घराच्या वर गेला तेव्हा." तिने यंत्र खाली ठेवलं. "कारण पत्रा नाही. ऊस आहे. मीटर बसवला मोकळ्या रानात, चाचणी घेतली मोकळ्या रानात. पुढे काय उगवणार ते कुणी विचारलं नाही."

चतुराबाई म्हणाल्या, "म्हंजी ऊस वाढला म्हणून मी चोर?"

"हो."

"बारामती, इंदापूर, इतं माणसं दुसरं लावत्यात तरी काय? हे यंत्र करणाऱ्यानं उसाचा रस बी कधी पिला न्हाय काय?"

ऑफिसात मुबशिराने हाच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारला होता, पणदरे गावातले काही मीटर असेच गप्प झाले तेव्हा. तिला सांगितलं गेलं, नकाशावर अंतर बसतंय. नकाशावर ऊस नव्हता.

समर्थची पांढरी गाडी वळसा घेऊन अंगणात आली. तो उतरला तोच हातात छापील कागद आणि पेन घेऊन. वयाने तिच्याएवढाच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"नमस्कार मावशी. घाबरू नका. पोलिसात वगैरे काही देत नाही आपण. फक्त लिहून द्यायचं, मीटरवर पत्रा बसवून छेडछाड केली, पुन्हा करणार नाही. तडजोडीची रक्कम बिलात येईल. सही झाली की मी इथंच, या क्षणी, लाइट चालू करतो. किल्ली माझ्या फोनमध्ये आहे, मीटरजवळ धरला की झालं."

"चालू करता येतीया?" चतुराबाईंनी विचारलं. "आत्ता? हितं उभं राहून?"

"एका मिनिटात."

"मंग करा की."

"सही झाली की."

मुबशिरा मध्ये आली. "सर, मी दोन वेळा चालत मोजलंय. अडथळा उसाचा आहे. आणि मी मीटरमधलं सगळं रीडिंग हातातल्या यंत्रात उतरवून घेतलंय. बसवल्यापासून कालपर्यंत. एक तासाचीही खोट नाही. चोरी झाली असती तर दिसली असती."

"हातानं आणलेलं रीडिंग सिस्टिम घेत नाही, मॅडम. माणूस मध्ये नको, म्हणून तर हे मीटर आणले. मीटरनं स्वतः पाठवलं तर सिस्टिम स्वतःच संशय काढेल, स्वतःच लाइट जोडेल. मला विचारणारसुद्धा नाही."

"तो पाठवू शकत नाही, हीच तर तक्रार आहे."

"मग तोपर्यंत संशय राहणार."

"उंच पाइपवर अँटेना बसवली तर पाठवेल. पणदऱ्याच्या वेळी मी मागणी केली होती."

"एका घरासाठी अँटेना? पुण्याहून मंजुरी यायला संक्रांत होईल." समर्थने आवाज खाली आणला, जणू चतुराबाई तिथे नव्हत्याच. "हे बघा. जे मीटर बोलत नाहीत ते कंपनीच्या नावावर नापास. छेडछाड झालेले मीटर त्यात धरत नाहीत. पत्र्याचा फोटो आहेच. ऊस असं लिहिलं, तर उसातलं प्रत्येक घर नापास. काटेवाडीपासून इथपर्यंत मोजत बसाल. कळतंय ना?"

"कळतंय," मुबशिरा म्हणाली. "तुम्हाला नापास व्हायचं नाही, म्हणून यांनी चोर व्हायचं."

"मॅडम, भाषा."

"मला बी कळलं," चतुराबाई म्हणाल्या. "मी म्हातारी हाय, भैरी न्हाय."

अप्पांनी घसा साफ केला. "करून टाक की सही. काय जातंय? एक कागुद तर हाय. अंडी लोकांची हायेत, मेली तर काय तोंड दाखवायचं कौसल्याला?"

"तुमी करा!" चतुराबाई ओरडल्या. "मीटर माझ्या नावावर हाय म्हणून सुचतंय तुमाला! लोकांची अंडी हायेत ते मला म्हाईत न्हाय? रातभर झोपली न्हाय मी, मशीनला कान लावून बसली. पण उद्या त्याच बायका पिल्लं न्ह्यायला येतील अन् म्हणतील, चतुरा, गोड झालं, पण तू चोरीच्या लाइटीवर उबवलीस व्हय गं?" त्यांनी समर्थच्या हातातला कागद घेतला. तो जरा हसला. त्यांनी कागदाची चार घड्या घातल्या आणि मुकाट्याने त्याच्या शर्टाच्या खिशात खोचला.

घरातून टिक टिक असा बारीक आवाज यायला लागला. इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचं सांगत होता. सगळ्यांनी ऐकला.

चतुराबाई गोठ्यात गेल्या आणि कोयता घेऊन आल्या. समर्थ दोन पावलं मागे सरकला.

"तुमच्यासाठी न्हाय वो," त्या म्हणाल्या आणि मुबशिराकडे वळल्या. "पोरी, तुझा शिग्नल जायाला किती वाट लागती?"

मुबशिराला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिने भिंतीवरच्या मीटरपासून खांबाच्या टोकापर्यंत नजर टाकली. सऱ्या घराकडून रस्त्याकडेच गेल्या होत्या, एवढं एक नशीब. लहरीला नुसती नजरेपुरती फट पुरत नाही. आजूबाजूलाही मोकळी जागा लागते. तिने मनात हिशेब केला, मग पुन्हा केला. चुकला तर या बाईचा ऊसही जाणार होता आणि अंडीही.

"तीन सऱ्या," ती म्हणाली. "पार रस्त्यापर्यंत. मी खात्री देऊ शकत नाही, मावशी. पण माझा हिशेब तीन सऱ्यांचा आहे."

"तीन सऱ्या!" अप्पा कळवळले. "अगं तोड आठ-पंधरा दिसांवर आलीया! तीन सऱ्यांचा ऊस काय कारखाना येऊन न्हील का? आन् मधनं? मधनं तोडायचा? रानाचा भांग पाडल्यासारखं?"

"गुरं खातील. दादासोची बी खातील. सरा बाजूला."

त्यांनी पहिला ऊस तोडला. तो दुसऱ्या उसांवर कलंडला आणि अडकून राहिला. त्यांनी तो ओढून काढला, शिवी घातली आणि दुसऱ्याला हात घातला. मुबशिराने ओढणी कमरेला बांधली आणि तोडलेले ऊस बाहेर ओढायला लागली. तिने आयुष्यात ऊस फक्त खाल्ला होता. समर्थ गाडीत जाऊन बसला, काच वर केली.

फोन करून बोलावल्यासारखी कौसल्या आली. प्रत्यक्षात ती अंड्यांची चौकशी करायला आली होती. मागे तिची जाऊ होती.

"अगं बया, चतुरा, हंगाम लागला का तुझा?"

"तुझीच अंडी वाचवतीया. कोयता हाय का?"

"हाय की. पण अंड्यांसाठी ऊस?"

"ते मोटारीत बसलेत त्यांना इचार."

कौसल्याने गाडीकडे पाहिलं, काचेआडच्या माणसाकडे पाहिलं, आणि काही न विचारता घरी जाऊन दोन कोयते घेऊन आली. तिघी तोडायला लागल्या. राग अंगात असला की कोयता चांगला चालतो. फक्त नेमका चालत नाही. त्या उसाला गुडघ्यापाशी तोडत होत्या. अप्पा बांधावर उभे राहून बघत होते. प्रत्येक घावाला त्यांचा चेहरा बारीक होत होता.

शेवटी त्यांना सहन झालं नाही. "बुडख्यातनं तोडा गं! बुडख्यातनं! खाली साखर असती, ती काय जमिनीला चारताय? खोडवा कसा फुटंल? आण हिकडं तो कोयता!" त्यांनी बायकोच्या हातातून कोयता हिसकून घेतला आणि ते वाकले. मग जे चाललं ते तोडणं होतं. एक घाव बुडाशी, एक शेंड्याला, आणि ऊस बाजूला. त्यांचा श्वाससुद्धा वाजत नव्हता. फक्त मधून मधून, आपल्याशीच, "काय ऊस हाय, काय ऊस हाय," असं ते म्हणत होते.

दोन सऱ्या गेल्या तेव्हा मुबशिराने धावत जाऊन यंत्र बघितलं. एक रेघ. स्थिर, पण एकच. तिने हाताचा घाम ओढणीला पुसला. घरात टिकटिक आता थांबून थांबून येत होती. चतुराबाई मशीनवर गोधडी पांघरून आल्या होत्या.

"काय म्हणतंय?"

"अजून नाही."

"तुझा हिशोब तीनचा हुता ना?"

"हो."

"मंग तीन हू दे. रडवं तोंड नगं करूस."

तिसरी सरी अर्ध्यावर आली असताना टिकटिक बंद झाली. इन्व्हर्टर संपला होता. चतुराबाई घरात धावल्या नाहीत. तिथे आता करण्यासारखं काही नव्हतं. त्या नुसत्या मोठ्याने म्हणाल्या, "मशीनची ऊब गोधडीत अर्धा तास ऱ्हाईल. चालवा हात!" आणि सगळ्यांनी हात चालवले. कौसल्याची नखऱ्याची जाऊसुद्धा, जिच्या बोटांना अजून दिवाळीचं नेलपॉलिश होतं.

शेवटचे ऊस रस्त्याच्या बाजूला पडले, आणि पट्ट्याच्या त्या टोकाला खांब दिसला, वर पांढरं खोकं. मुबशिरा मीटरपाशी उभी होती. यंत्रावर दुसरी रेघ आली. तिसरी आली, गेली, परत आली आणि थांबली.

मग मीटरवरचा बारीक लाल दिवा जलद लुकलुकायला लागला.

"बोलतोय," ती म्हणाली. "मागचं सगळं पाठवतोय. थांबा. कोणी मध्ये उभं राहू नका."

सगळे पट्ट्यातून बाजूला झाले, जणू आतून कोणाची गाडी जायची होती. समर्थही गाडीतून उतरून बघत होता. चतुराबाई मीटरकडे एकटक बघत होत्या, भांडणात आपल्या बाजूने उशिरा बोलायला लागलेल्या नातेवाइकाकडे बघावं तशा.

मीटरच्या पोटात टक् असा आवाज झाला. घरात पंखा फिरायला लागला. कौसल्या आत पळाली आणि आतून ओरडली, "लागलं! मशीन लागलं! चतुरा, फुलाचं एक अंडं तडकलंय गं, चोच दिसतीया!"

"माझंच पयलं!" जाऊ म्हणाली.

चतुराबाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो मुबशिराच्या हातात दिला. मुबशिराने वाचलं: "आपला पुरवठा पूर्ववत करण्यात आला आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद."

"छेडछाड?"

"संशय निघाला. सिस्टिमनं स्वतः काढला."

"माफी?"

"ती त्यात नाही."

"सहकार्य! माझ्या तीन सऱ्या म्हंजी ह्यांचं सहकार्य!"

समर्थ जवळ आला. गोडवा परत आला होता. "चला, मिटलं. मॅडम, बंद करून टाका तक्रार. ग्राहकाने अडथळा काढला, पुरवठा सुरू. एवढंच लिहा."

"कोणता अडथळा?"

"लिहायची गरज नाही. फोटो आहेच पत्र्याचा."

मुबशिरा मीटरकडे गेली. अप्पांना तिने एवढंच विचारलं, "अप्पा, चार मोळ्या उचलून इथं उभ्या धराल? वाढ्यासकट, शेंडे न छाटलेल्या?" अप्पा, दोन्ही जावा आणि चतुराबाई, चौघांनी मोळ्या आणून मीटरसमोर दाट उभ्या केल्या. यंत्रावरच्या रेघा तीनवरून एकवर आल्या. तिने फोटो काढला, यंत्राचा पडदा आणि ऊस एकाच चौकटीत. "आता बाजूला घ्या." तीन रेघा. दुसरा फोटो, मागे रस्त्यापर्यंतचा पट्टा, बुडखे आणि टोकाला खांब. तिसरा फोटो तिने भिंतीला टेकवलेल्या हिरव्या पेटीचा काढला, मीटरपासून दूर, आणि मीटर पत्र्याविना असतानाचं सिग्नलचं आधीचं माप त्याला जोडलं. खाली लिहिलं: अडथळा उभ्या उसाचा. ग्राहकाचा दोष नाही. मोकळ्या रानात चाचणी घेऊन मीटर बसवला, ही बसवणाऱ्यांची चूक.

"मॅडम, हे पाठवू नका," समर्थ म्हणाला. "आधी बोलू आपण. काढा ते."

"चढले, सर." तिचा आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुढे वाकावं लागलं. "आणि चढलेला फोटो काढता येत नाही. नियमच आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिशातल्या चार घड्यांच्या कागदाला हात लावला, आणि गाडीकडे निघाला.

"ओ सायेब!" चतुराबाई उसाची मोळी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे गेल्या. "डिकी उघडा."

"नको मावशी, कशाला—"

"उघडा म्हणती ना!"

त्याने उघडली. मोळी आत मावली नाही. वाढी बाहेर लोंबत राहिली आणि झाकण दोरीने बांधावं लागलं. दोरी अप्पांनी बांधली, गाठ पक्की मारून.

"पुण्याच्या सायबास्नी दाखवा," चतुराबाई म्हणाल्या. "म्हणावं, अंथुर्ण्यात छेडछाड अशी दिसती. आन् माझ्यासारख्या अजून किती बायका अंधारात बसवल्यात, ते मोजा म्हणावं. ऊस सगळ्यांकडं हाय. कोयते बी हायेत."

गाडी वळसा घेऊन दिसेनाशी झाली. चतुराबाईंचा श्वास अजून जोरात चालला होता. राग उतरायला जागा मिळाली नव्हती. मुबशिराचे हात पानांनी कापले होते, आणि घामाने आता चुरचुरायला लागले होते. रानातून रस्त्यापर्यंत गेलेला तो पट्टा आणि त्यात पडलेले हिरवे शेंडे बघत दोघी उभ्या राहिल्या.

मागे खुडबुड झाली. अप्पा हिरवी पत्र्याची पेटी शर्टाच्या बाहीने पुसत होते. मग ती दोन्ही हातांत धरून मीटरसमोर उभे राहिले, आणि स्क्रू कुठे ठेवले ते शोधत म्हणाले, "झालं न्हवं सगळं? मंग ही बसवू का परत? उद्या गोठ्यात फवारणी हाय."

"न्हाय!"

दोघी एकदमच ओरडल्या. दिवसभरात मुबशिराचा आवाज पहिल्यांदाच चढला होता, आणि इतका चढला की रस्त्यावरून चाललेला दादासो थांबून त्या नव्या वाटेतून सरळ घराकडे बघायला लागला.

"एवढं वराडाय काय झालं?" अप्पा पेटी पोटाशी धरून म्हणाले. "पत्राच हाय की. साप हाय व्हय?"